मोह ठरलेल्या वेळी येतो: आत्मिक लढाईची रोजची तयारी

चाळीस दिवस उपास झाल्यावर येशूला भूक लागली, आणि तेव्हाच परीक्षक त्याच्याजवळ आला. मत्तयच्या चौथ्या अध्यायातली ही गोष्ट आपण लहानपणापासून इतक्यांदा ऐकलेली असते की तिच्यातली वेळ नजरेतून सुटते. यार्देन नदीवर बाप्तिस्मा झाला, आकाशातून वाणी झाली, तेव्हा सैतान फिरकला नाही. अंगात त्राण नाही आणि जवळ माणूस नाही, अशी वेळ त्याने धरली. लूक तर शेवटी आणखी सांगतो की सगळ्या परीक्षा संपवून सैतान संधी मिळेपर्यंत त्याला सोडून गेला. म्हणजे परत यायचं होतंच, फक्त वेळ बघून.

मोहाशी झुंज मोहाच्या क्षणी सुरू केली, तर बहुतेक वेळा आपण हरतो. ती आधीच, आपली वेळ आणि जागा ओळखून लढायची असते. कोपरखैरण्याला आमची घरसभा भरते. ऐरोलीच्या आयटी कंपनीत शिफ्ट करणारी मुलं येतात, तुर्भ्याच्या मार्केटमध्ये हिशेब लिहिणारे येतात, ठाण्याहून एक नर्स येते, नेरूळच्या कॉलेजची पोरं येतात. त्यांच्यात बसून जे वापरून टिकलं तेवढंच इथे लिहिते आहे. तुम्ही कॅथलिक असा, सीएनआयचे (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), मेथडिस्ट किंवा स्वतंत्र मंडळीतले असा, पायऱ्या फारशा बदलत नाहीत. जिथे बदलतात तिथे तसं म्हटलं आहे.

आधी, भांडण कोणाशी आहे

पौल कैदेतून इफिसच्या मंडळीला लिहितो की आपलं झगडणं रक्तमांसाबरोबर नाही. हे वचन तोंडपाठ असलेली माणसंसुद्धा घरी गेल्यावर रक्तमांसाशीच भांडतात. "आमच्या घरात सैतान शिरलाय हो," असं कोणी म्हणालं की मी विचारते, कोणाच्या रूपात? उत्तरात बहुधा जाऊ निघते, नाहीतर सोसायटीचा सेक्रेटरी. ज्या क्षणी समोरचं माणूस शत्रू वाटायला लागतं, त्या क्षणी आपण लढाईचं मैदान चुकलेलो असतो.

याचंच मोठं रूप म्हणजे ही भाषा दुसऱ्या धर्माच्या लोकांवर रोखणं. काही सभांतून ते सर्रास चालतं, आणि मला ते अजिबात पटत नाही. ठाण्याला खऱ्या रक्तसाक्ष्यांचा इतिहास आहे. १३२१ साली तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्री हे चार फ्रान्सिस्कन इथे मारले गेले. पुढे ओदोरिक नावाच्या प्रवासी संन्याशाने त्यांच्या अस्थी थेट चीनपर्यंत नेल्या. त्यांची आठवण जरूर ठेवावी. पण त्या आठवणीच्या जोरावर समोरच्या बिल्डिंगमधला गणपती किंवा मशिदीचा भोंगा हा आपला शत्रू ठरवायला पौलाचं ते एक वाक्यच मना करतं. आमच्याकडच्या निम्म्या लोकांचे मामेभाऊ-आतेभाऊ हिंदू नाहीतर बौद्ध आहेत. दिवाळीचा फराळ घेऊन दारात आलेल्या वहिनीशी कसली लढाई?

उलट टोकही आहे. सगळं सैतानावर ढकलून मोकळं व्हायचं. याकोब आपल्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात सरळ लिहितो की प्रत्येक जण आपल्याच वासनेने ओढला जातो आणि भुलतो, मग वासना गर्भवती होऊन पापाला जन्म देते. जुन्या शिकवणीत जग, देह आणि सैतान असे तीन शत्रू सांगितले आहेत. आजचा मोह या तिघांपैकी नेमका कुठून आला, याचा छडा लावत बसायची गरज नाही. जबाबदारी तिन्ही वेळा आपलीच.

आणि मनाला फार लावून घेणाऱ्या मुलामुलींसाठी एक गोष्ट: मोह होणं हे पाप नाही. इब्री लोकांस पत्राच्या चौथ्या अध्यायात म्हटलं आहे की येशू सर्व प्रकारे आपल्यासारखा पारखला गेला, तरी निष्पाप राहिला. मनात विचार आला म्हणून कोणी भ्रष्ट होत नाही. त्याला बसायला खुर्ची दिली, चहा विचारला, तिथून पुढचा हिशेब वेगळा.

पायरी पहिली: आठवडाभराची वही

एक साधी वही घ्या. मोबाइलच्या नोट्समध्ये नको, कारण बऱ्याच जणांचा मोह त्याच मोबाइलमध्ये असतो. आठवडाभर, मोह झाला की चारच गोष्टी लिहायच्या: किती वाजले, कुठे होतो, शरीराची अवस्था काय होती, त्याच्या तासभर आधी काय घडलं. पापाचं वर्णन लिहायचं नाही. ते लिहिता लिहिता पुन्हा चाखलं जातं.

आमच्यातल्या एका मुलाने वहीतली दोन पानं वाचून दाखवायला परवानगी दिली होती, ती साधारण अशी होती:

"सोमवार. रात्री पावणेबारा. पनवेल गाडी उशिरा, स्टेशनवर वडापाव खाल्ला तेच जेवण. घरी सगळे झोपलेले. लाइट न लावता सोफ्यावर मोबाइल घेऊन बसलो. झोपायला सव्वादोन."

"गुरुवार. दुपारी साडेतीन. मीटिंगमध्ये साहेबांनी सगळ्यांसमोर सुनावलं. नंतर पँट्रीत त्यांच्याबद्दल एक गोष्ट रंगवून सांगितली, खरी नव्हती."

पहिल्या पानात मोह वासनेचा, दुसऱ्यात जिभेचा. दोन्हीकडे पाप वेगळं, पण मागची परिस्थिती बघा. एकात भूक, थकवा आणि अंधारातलं एकटेपण आहे, दुसऱ्यात अपमान आणि राग. व्यसनमुक्तीच्या गटांमध्ये भूक, राग, एकटेपणा आणि थकवा ही चौकडी नेहमी तपासायला सांगतात, ते उगाच नाही. आठवड्याने वही वाचली की बहुतेकांना आपली एक किंवा दोनच वेळा सापडतात. दिवसभर लढायचंय असं वाटत असतं, आणि निघतो तो रात्रीचा एक तास. नुसतं एवढं कळल्यानेही पुष्कळांचा जीव भांड्यात पडतो.

ही वहीची कल्पना काही नवी नाही. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहिलेला एवाग्रियस नावाचा संन्यासी आपल्या लोकांना हेच सांगायचा: कुठला विचार कधी येतो, कशाच्या मागून कशाची पाळी येते, कधी जोर धरतो आणि कधी सैल पडतो, ते नीट पाहत जा. त्याने आठ दुष्ट विचारांची यादी केली. खादाडपणा, व्यभिचार, द्रव्यलोभ, खिन्नता, राग, कंटाळा, बढाई आणि गर्व. पुढे सहाव्या शतकाच्या अखेरीला पोप ग्रेगरी यांनी त्यातून सात मूळ पापांची मांडणी केली. त्या आठांतल्या कंटाळ्याचं एवाग्रियसने केलेलं वर्णन वाचून आमची आयटीची मुलं खो खो हसली होती. हा विचार दुपारच्या आसपास येतो, दिवस पन्नास तासांचा वाटायला लागतो, संन्यासी सारखा खिडकीबाहेर डोकावतो, सूर्य किती सरकला ते बघतो, आपल्या जागेचा त्याला वीट येतो, दुसरीकडे गेलो तर बरं होईल असं वाटतं. ऐरोलीच्या ऑफिसात जेवणानंतर दर पाच मिनिटांनी रील्स उघडणाऱ्याला यापेक्षा जास्त समजावून सांगायला नको.

पायरी दुसरी: तरतूद बंद करा

रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायात पौल सांगतो की देहाच्या वासना पुरवण्याची तरतूद करू नका. आपण प्रार्थना एक करतो आणि तरतूद दुसऱ्याची करून ठेवतो. वाऱ्यावर सोडलेल्या एका संध्याकाळी दावीद राजा गच्चीवर फिरत होता. सैन्य राब्बा नगराला वेढा घालून बसलेलं, राजे लढाईला निघायचा तो मोसम, आणि हा यरुशलेमात, दुपारची झोप काढून उठलेला. दुसऱ्याची बायको बथशेबा दिसली ती नंतर. पडझड आधीच सुरू झाली होती.

वहीत सापडलेल्या वेळेसाठी ठोस बदल करा. मनाचा निर्धार इथे मोजू नका, जागा बदला.

रात्रीचा मोबाइल असेल तर चार्जर हॉलमध्ये, टीव्हीच्या मागे, कायमचा. गजरासाठी दीडशे-दोनशे रुपयांचं घड्याळ आणा. "पण मला रात्री ऑफिसचे कॉल येतात," हे मी पुष्कळदा ऐकलं आहे. आवाज मोठा ठेवा, हॉलमधून ऐकू येतो. जोडीदाराला किंवा भावाला पासवर्ड ठेवायला द्या. लाज वाटते? वाटू द्या.

दारूचं असेल तर पगाराच्या दिवशी घरी यायचा रस्ता बदला. वाशीला उतरून त्या दुकानावरून जाण्यापेक्षा एक स्टेशन आधी उतरून रिक्षाचे चाळीस रुपये गेले तरी चालतील. रोख खिशात ठेवू नका, आणि यूपीआयची रोजची मर्यादा बँकेच्या ॲपमधून कमी करून ठेवा.

पैशाच्या मोहावर जरा थांबते, कारण मंडळीत यावर कोणी बोलत नाही. दारू आणि वासना यांवर प्रवचनं होतात, पण झटपट श्रीमंतीवर होत नाहीत. उलट काही ठिकाणी तिला आशीर्वाद म्हणतात. नवी मुंबईत गेल्या काही वर्षांत शेअर बाजारातल्या फ्युचर्स-ऑप्शन्सच्या सट्ट्याने जितकी तरुण घरं पोखरली, तितकी दारूने पोखरली असतील की नाही, मला शंका आहे. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये तीन आर्थिक वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात या व्यवहारात उतरलेल्या दर शंभर वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ जण तोट्यात होते, आणि सरासरी तोटा माणशी सुमारे दोन लाख. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, पण ज्याला तो मोह आहे त्याला दुसरी वाट शोधायला वेळ लागत नाही. ट्रेडिंग खात्यातून फ्युचर्स-ऑप्शन्सचा विभाग बंद करून घेता येतो. नुसतं ॲप काढून टाकू नका, ब्रोकरला विभागच बंद करायला सांगा. आणि घरच्या माणसाला खात्याचा उतारा दर महिन्याला दाखवायचं ठरवा. लपवलेल्या तोट्यासारखा दुसरा सापळा नाही. तो भरून काढायला माणूस पुन्हा त्याच दारात जातो.

धन्याची, म्हणजे पोटीफरची बायको मोहात पाडायला आली तेव्हा योसेफ ऐन वेळी वाद घालत बसला नाही. वस्त्र तिच्या हातात टाकून तो पळाला. लक्षात ठेवायचं ते पुढचं: पळाला म्हणून त्याला बक्षीस मिळालं नाही, तुरुंग मिळाला. रस्ता बदलला, ग्रुप सोडला, पार्टीला नाही म्हटलं, तर काही मित्र दुरावतील. ते गृहीत धरा.

पायरी तिसरी: हाताशी वचन

अरण्यात येशूने तिन्ही वेळा उत्तर दिलं ते अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या आणि आठव्या अध्यायातून. तिन्ही वचनं एकाच पुस्तकातली, जवळजवळची. इस्राएल अरण्यात जिथे घसरलं, त्याच जागी तो उभा राहिला. त्याच्याकडे त्या वेळी शास्त्राची गुंडाळी नव्हती. पाठ होतं.

सैतानानेही शास्त्रच म्हटलं होतं, एक्क्याण्णवावं स्तोत्र, संदर्भाशिवाय. म्हणून एकेक ओळ सुटी पाठ करण्यापेक्षा तिचा आख्खा परिच्छेद एकदा वाचा, मग ओळ उचला.

एवाग्रियसने प्रत्येक दुष्ट विचाराला तोंड द्यायला शास्त्रातली वचनं गोळा केली होती, सगळी मिळून पाचशेच्या आसपास. आपल्याला दोन पुरेत. वहीत जी वेळ सापडली तिच्यापुरती. जिभेसाठी स्तोत्र १४१ मधली तिसरी ओळ, मुखावर पहारा ठेव अशी. पैशासाठी इब्री १३:५, जवळ आहे तेवढ्यात तृप्त असण्याबद्दलचं, कारण "मी तुला टाकणार नाही" असं देवाने म्हटलं आहे. रागासाठी याकोब १:१९-२०. वासनेसाठी करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायाचा शेवट, शरीर हे पवित्र आत्म्याचं मंदिर आहे तो. निराशेसाठी विलापगीत ३:२२-२३. हेव्यासाठी नीतिसूत्रे १४:३०, हेव्याने हाडं कुजतात असं तिथे म्हटलं आहे, आणि सीवूड्समधल्या मैत्रिणीच्या नव्या फ्लॅटचे फोटो बघून झाल्यावर ते अगदी शब्दशः पटतं.

वचन पाठ करायची जागा: गाडी. ठाण्याहून वाशीला जाताना ऐरोली ते घणसोली या टप्प्यात तेच वाक्य मनात घोळवा. आपल्या घरच्या बोलीत म्हणून बघा, मग पवित्र शास्त्रातल्या भाषेत. पाठ झालं की नाही याची कसोटी एकच: झोपमोड झाल्यावर मध्यरात्री आठवतं का.

इफिसकरांस सहाव्यातली शस्त्रसामग्री रविवार शाळेत सगळ्यांनी पुठ्ठ्याची करून घातलेली असते, म्हणून तिच्यावर फार लिहीत नाही. सत्याचा कमरबंद, नीतिमत्त्वाचं उरस्त्राण, पायांत शांतीची सुवार्ता, विश्वासाची ढाल, तारणाचं शिरस्त्राण, हातात देवाचं वचन. त्यातलं एक मात्र सुटतं. पौलाने हे एकट्या माणसाला लिहिलेलं नाही, मंडळीला लिहिलं आहे. रोमी सैनिक ढालीला ढाल लावून उभे राहत. एकटा शिपाई कितीही सजला तरी त्याची पाठ उघडीच असते.

पायरी चौथी: प्रत्यक्ष ती दहा मिनिटं

तयारी करूनही वेळ येतेच. तेव्हा करायचं ते थोडं आणि याच क्रमाने.

उठून उभे राहा आणि जागा सोडा. बेडरूममध्ये असाल तर स्वयंपाकघरात जा, पाणी प्या. घरातून बाहेर पडता येत असेल तर पडा.

मोहाचं नाव मोठ्याने घ्या. "प्रभू, मला आत्ता प्यावंसं वाटतंय." गोलगोल प्रार्थना नको. मग पाठ केलेलं वचन, आणि प्रभूच्या प्रार्थनेतली ओळ: आम्हांला परीक्षेत आणू नकोस. ओरडून सैतानाला धमकावत बसायची गरज नाही. काहींना ते आवडतं, मला त्यात सैतानाला जरा जास्तच मान दिल्यासारखा वाटतो. याकोबाने क्रम दिला आहे: आधी देवाच्या अधीन व्हा, मग सैतानाला अडवा, म्हणजे तो पळेल. पहिला भाग गाळून दुसरा करता येत नाही.

वाद घालू नका. एदेन बागेत सर्पाने प्रश्नाने सुरुवात केली, देवाने खरंच असं सांगितलं का? हव्वा उत्तर द्यायला बसली, आणि उत्तर देताना देवाच्या आज्ञेत स्वतःची भर घातली. फळ खाऊ नका एवढंच सांगितलं होतं, तिने "शिवूही नका" जोडलं. एकदा चर्चा सुरू झाली की मन वकिली करतं. एकदाच, आजच, इतके दिवस नीट राहिलो म्हणून, कोणाचं काय बिघडतंय. या प्रत्येकाला उत्तर असतं, पण ते उत्तर शोधण्याची ही वेळ नव्हे.

मग फोन लावा. मेसेज नको, फोन. आमच्याकडे झालेला एक फोन इतकाच होता:

"काका, आज पगार झालाय."

"कुठे आहेस?"

"जुईनगरला, प्लॅटफॉर्मवर."

"मग इकडे ये. काकूने बोंबील केलेत. पुढच्या गाडीत बस, मी स्टेशनला येतो."

प्रार्थनेचा एक शब्दही नाही. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात वचन आहे की देव परीक्षेबरोबर तिच्यातून निभावण्याचा उपायही करतो. तो उपाय बहुतेकदा इतकाच साधा असतो, पुढची गाडी आणि कोणाच्या तरी घरचं ताट. दिव्य काही घडेल म्हणून वाट बघणारे तो समोर असताना ओळखत नाहीत.

पायरी पाचवी: एक माणूस

सोळाव्या शतकात जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी आत्म्यांची पारख करण्याचे नियम लिहिले. त्यात ते म्हणतात की शत्रू खोट्या प्रियकरासारखा वागतो. मुलीला फूस लावणाऱ्याला सगळ्यात जास्त भीती तिच्या वडिलांना कळण्याची असते. गुपित फुटलं की त्याचा खेळ आटोपतो. म्हणून मनातली गोष्ट चांगल्या, जाणत्या माणसाला सांगून टाकावी.

तो माणूस कसा निवडायचा? शक्यतो आपल्याच लिंगाचा, वयाने किंवा विश्वासाने थोडा पुढचा. ज्याच्या हातात आपली नोकरी किंवा लग्न ठरवणं आहे असा नको. आणि पोट मोठं असलेला हवा, म्हणजे ऐकलेलं आत राहणारा. स्पष्टच लिहिते: मंडळीतल्या "प्रार्थना विनंती"च्या नावाखाली चालणारी कुचाळकी हे या पायरीचं सगळ्यात मोठं नुकसान आहे. "फलाण्याच्या मुलासाठी प्रार्थना करा हं, जास्त काही सांगत नाही," असं म्हणून सगळं सांगितलेलं असतं. अशा ठिकाणी कोणी तोंड उघडेल कशाला?

कॅथलिकांसाठी प्रायश्चित्ताचा संस्कार आहे, आणि तिथे सांगितलेलं फादर कोणालाही सांगू शकत नाहीत. ते गुपित फोडणं चर्चच्या कायद्यात बहिष्काराला पात्र असा अपराध आहे. प्रोटेस्टंट मंडळींत याकोब ५:१६ आहे, आपली पातकं एकमेकांजवळ कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा. ते वाचलं पुष्कळ जातं, पाळलं क्वचित. पाळकसाहेबांना वेळ नसेल तर एखादे वडीलजन, नाहीतर विश्वासू मित्र.

आठवड्यातून एकदा भेटा, तलावपाळीला एक फेरी मारता मारता झालं तरी चालेल. दोनच प्रश्न विचारायला सांगा: ती वेळ या आठवड्यात कशी गेली? आणि आत्ता मला काय सांगायचं टाळतो आहेस?

उपास, झोप आणि जेवण

उपासाने मनाला "नाही" ऐकायची सवय लागते. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचा काळ त्यासाठी चांगला, पण बाराही महिने आठवड्यातलं एक जेवण सोडता येतं. त्याचे पैसे बाजूला काढून कोणाला तरी द्यावेत, यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायातला उपास तोच आहे. मधुमेह असेल, गरोदर असाल, औषधं चालू असतील तर जेवण सोडू नका. रील्स सोडा, चहा सोडा.

मात्र ज्याचा मोह थकव्यातून येतो त्याने उपासाच्या आधी झोपेकडे बघावं. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागत होता तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, उठवून पुन्हा खाऊ घातलं. रात्रपाळी करणाऱ्या मुलांना मी आधी हाच अध्याय वाचायला देते.

जिथे ही लढाई नाही

कानात आवाज येणं, महिनोन् महिने झोप उडणं, जीव द्यावासा वाटणं, फिट येणं, ही आजाराची लक्षणं असू शकतात. प्रार्थना करा आणि डॉक्टरकडे न्या, दोन्ही. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ पासून आहे, आणि टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, त्यावर मराठीत बोलता येतं. भूत काढण्याच्या नावाखाली माणसाला बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि तो येशूच्या नावाने केला म्हणून गुन्हा राहत नाही असं नाही. त्याची शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. औषधं बंद करा असं कोणी प्रार्थनेत सांगितलं, तर त्या सभेतून उठून या.

नवरा मारतो त्या बाईला "ही तुझी आत्मिक परीक्षा आहे, सहन कर" असं सांगणारे अजून भेटतात. मार खाणं ही परीक्षा नव्हे. १८१ हा महिलांसाठीचा क्रमांक आहे, तो तिला द्या आणि तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात जा.

पडल्यावर

पडणार. वही, चार्जर, काका, सगळं असून एखाद्या रात्री पडाल. त्यानंतरचे चोवीस तास फार महत्त्वाचे, कारण पहिल्या पापापेक्षा त्यामागून येणारी निराशा जास्त खोल नेते. प्रकटीकरणाच्या बाराव्या अध्यायात सैतानाला आरोप करणारा म्हटलं आहे. आधी तो म्हणतो, एवढ्याने काय होतंय. केल्यावर तोच म्हणतो, आता कोणत्या तोंडाने प्रार्थना करणार.

आरोप आणि पवित्र आत्म्याची टोचणी यांतला फरक ओळखता येतो. टोचणी नेमकी असते: काल रात्री आईशी खोटं बोललास, तिला खरं सांग. आरोप मोघम असतो: तू असाच आहेस, तुझ्या घराण्यातच हे आहे, तुझं काही होणार नाही. पहिल्यात पुढे करण्यासारखं एक काम असतं. दुसऱ्यात काहीच नसतं. त्याला रोमकरांस आठव्या अध्यायाची पहिली ओळ ऐकवा, ख्रिस्त येशूमध्ये जे आहेत त्यांना दंडाज्ञा नाही.

यहूदाने प्रभूला धरून दिलं आणि पेत्राने त्याला नाकारलं. दोघेही हळहळले. यहूदा आपलं ओझं घेऊन शत्रूंकडे गेला आणि मग एकटाच बाहेर पडला. पेत्र रडला, पण बाकीच्या शिष्यांत राहिला, म्हणून पुनरुत्थानाच्या सकाळी निरोप पोचला तेव्हा तो सापडला.

त्याच दिवशी कबूल करा, १ योहान १:९ चं वचन धरून, म्हणजे योहानाच्या पहिल्या पत्राचा पहिला अध्याय, शुभवर्तमान नव्हे. त्याच दिवशी आपल्या माणसाला फोन करा. रात्री बारा वाजता मोठमोठे नवस बोलू नका. मन काळवंडलेलं असताना आधीचे चांगले निर्णय बदलू नयेत, हाही इग्नेशियस यांचाच नियम आहे, आणि नवे निर्णयही तेव्हा घेऊ नयेत अशी माझी त्यात भर. कोणाचं नुकसान केलं असेल तर भरून द्या. लोकांना लुबाडणाऱ्या जकातदार जक्कयाने चौपट परत द्यायची तयारी दाखवली होती. निदान मूळ रक्कम तरी परत करा, आणि ज्याच्याबद्दल खोटं पसरवलं, त्याच पँट्रीत, त्याच लोकांसमोर ते दुरुस्त करा.

दुसरा कोणी पडला आणि तुमच्याकडे आला, तर गलतीकरांस सहाव्यातली पहिली ओळ आधी स्वतःला वाचा: सौम्यतेने त्याला ताळ्यावर आणा, आणि आपणही मोहात पडू नये म्हणून स्वतःकडे लक्ष द्या. त्याचं बोलणं पूर्ण होईपर्यंत वचन सांगू नका. त्याला जेवू घाला. त्याचं नाव ग्रुपवर टाकू नका, "एका भावासाठी प्रार्थना" असंही नको, मंडळी छोटी असते आणि लोक ओळखतात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला फोन करा, ऑफिसला निघायच्या आधी, आणि वही कुठे ठेवली आहे ते विचारा.